आप्पांच्या उशाखालचा डबा

प्रश्न : माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. चोपड्याजवळ आमची केळीची शेती आहे. सहा वर्षांपूर्वी जळगावच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. लेव्होडोपा-कार्बिडोपाची १२५ची गोळी दिवसातून तीनदा आणि बीपीची एक, असं चालू आहे. दिवाळीला दीर सुरतेहून आले, त्यांनी ‘नैसर्गिक डोपामाइन’ लिहिलेला कवचबीच्या पावडरीचा डबा आणला. सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा दुधातून. पहिले पंधरा दिवस आप्पा खरंच मोकळे झाले, मळ्यात एकटे जाऊन आले. आता अडीच महिने झालेत. सकाळी मळमळतं, दोनदा उलटी झाली. ओट्यावरून उठले की अंधारी येते. नुसते बसले तरी मान आणि खांदे डोलत राहतात. परवा रात्री दोनला मला उठवून म्हणाले, “मच्छरदाणीजवळ ती पोरं कोणाची बसलीत, त्यांना भाकर दे.” मी फार घाबरले. दीर म्हणतात हर्बलला साइड इफेक्ट नसतो, उलट गोळ्याच बंद करा. आप्पा तर डबा उशाखाली ठेवतात. डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात आहे. काय करू?
— एक सून, चोपडा तालुका

उत्तर : ताई, पुढच्या महिन्याची वाट बघू नका. हा अंक हातात पडेल त्याच दिवशी डॉक्टरांकडे फोन करा आणि “रात्री नसलेली माणसं दिसतात” हे पहिल्या वाक्यात सांगा. गोळी मात्र एकही चुकवायची नाही. दिरांचं ऐकून गोळ्या एकदम बंद केल्या तर अंग लाकडासारखं ताठतं, सडकून ताप येतो, माणूस बरळायला लागतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. असं काही दिसलं, किंवा आप्पा चक्कर येऊन पडले, तर फोन-बिन न करता थेट दवाखाना.

मी डॉक्टर नाही. अमळनेरला ३४ वर्षं औषधांचं दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. त्यामुळे काउंटरच्या अलीकडून जे दिसलं ते सांगतो.

कवचबी म्हणजे आपली खाजकुयलीच. शेंगेवरची लूस अंगाला लागली की माणूस नाचतो, तीच. वैद्य तिला कपिकच्छू म्हणतात आणि कंपवातात, म्हणजे पार्किन्सनसारख्या आजारात, ती देतात. त्यात थोतांड काही नाही. १९३७ साली मद्रासच्या प्रयोगशाळेत दामोदरन आणि रामस्वामी यांनी याच बीमधून लेव्होडोपा वेगळा काढला. आप्पांच्या गोळीत आहे तोच लेव्होडोपा. तेव्हा तो या आजारावर चालतो हे कोणाच्या गावीही नव्हतं, ते कळायला आणखी वीस-पंचवीस वर्षं गेली. पुढे २००४ साली लंडनला आठ रुग्णांवर ही पावडर आणि गोळी अशी तुलना झाली, तर पावडरीचा गुण लवकर आला आणि जास्त वेळ टिकला. आप्पा मळ्यात एकटे गेले ते मनाचे खेळ नव्हते, ताई. त्यांना खरंच औषध मिळालं होतं. फक्त ते किती मिळालं, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

डब्यावर ‘डोपामाइन’ लिहिलंय. या आजारात मेंदूत कमी पडतं ते हेच, पण डोपामाइन तोंडाने घेतलं तर मेंदूत पोचतच नाही. लेव्होडोपा पोचतो आणि तिथे गेल्यावर त्याचं डोपामाइन होतं. आता हिशेब बघा. बीमध्ये साधारण ३ ते ६ टक्के लेव्होडोपा असतो. पाच ग्रॅमचा चमचा आणि ४ टक्के धरले तर झाले २०० मिलिग्रॅम. आप्पांच्या १२५च्या गोळीत लेव्होडोपा १००, उरलेले २५ कार्बिडोपाचे. म्हणजे नुसत्या लेव्होडोपाच्या वजनाने एक चमचा म्हणजे दोन गोळ्या. दोन चमच्यांच्या चार. तीन गोळ्यांचा माणूस दिवाळीपासून वजनाने सात गोळ्यांवर आहे, आणि चिठ्ठीवर अजून तीनच लिहिलेत! डब्यात साधी पावडर नसून अर्क असेल तर आकडा आणखी चढतो. बरं, दोन डबेही सारखे नसतात. अमेरिकेत अशा डब्यांची तपासणी झाली, तर एका वेळच्या मात्रेत कुठे २ मिलिग्रॅम निघाले, कुठे २४१.

मळमळ आणि अंधारी का येते, ते त्या २५ मिलिग्रॅम कार्बिडोपाचं काम समजलं की कळतं. लेव्होडोपाचं डोपामाइन वाटेतच, मेंदूबाहेर होऊ नये म्हणून तो राखणदार बसवलेला असतो. मेंदूबाहेर झालं की मळमळतं, ओकारी येते, रक्तदाब उतरतो. पावडरीत राखणदार नाही. पण आप्पांच्या अंगात गोळीतला थोडाफार राखणदार आहेच, तो पावडरीतल्या मालालाही वाट करून देतो. म्हणून नुसती पावडर घेणाऱ्यापेक्षा आप्पांच्या मेंदूत जास्त पोचतं. मान-खांदे डोलणं आणि रात्रीची पोरं, ही दोन्ही मात्रा जास्त झाल्याची लक्षणं असू शकतात. हे डोलणं म्हणजे कंप वाढला असं घरच्यांना वाटतं आणि ते आणखी अर्धा चमचा वाढवतात. कंप एका ठेक्यात असतो आणि बहुधा हात स्वस्थ ठेवला की दिसतो. हे डोलणं वाऱ्यावर ज्वारी हलावी तसं.

माझीच चूक सांगतो. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी दर महिन्याला पार्किन्सनच्या गोळ्या न्यायचे आणि वर कवचबीचा पुडा. मी समजलो, ताकदीसाठी नेतात. बहुतेक गिऱ्हाईक त्यासाठीच नेतं. एकदा म्हटलंही, गुरुजी, डॉक्टरांना सांगितलंय ना? तर म्हणाले, “भाऊ, हाई ते झाडपाला शे, येन्हा काय तरास?” मी हसलो आणि पैसे घेतले. पहाटे मोरीकडे जाताना ते पडले, खुबा मोडला. पावडरीमुळेच पडले असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण दोन्ही पुड्या एकाच पिशवीत मी घातल्या होत्या, आणि बेरीज करायला माझ्याइतका जवळ दुसरा कोणी नव्हता.

डॉक्टरांकडे जाताना डबाच न्या, नुसतं नाव नको. चमचाही न्या, आपल्याकडे चमचे काय मापाचे असतात तुम्हाला माहीत आहे. आप्पांना पार्किन्सनसाठीच रसाजिलिन किंवा सेलेजिलिनची गोळी असेल तर ती दाखवा, बीपीची तर दाखवाच. घरी मशीन असेल तर आडवं असताना बीपी मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरत असेल तर लिहून ठेवा. आत्ता थंडी आहे. एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या उन्हात पाणी कमी पडलं की हेच माणसाला सरळ खाली पाडतं.

पावडर एकदम थांबवायची की उतरवत न्यायची, गोळी तितकीच ठेवायची की बदलायची, हे डॉक्टरच ठरवतील. अडीच महिने एवढी मात्रा पोटात गेल्यावर मी इथे बसून ते सांगणं बरं नाही. फोन लागेपर्यंत चमचा वाढवू मात्र नका. आणि तुम्ही लिहिलं नाहीत तरी विचारतो, गोळी दुधातून किंवा उडदाच्या डाळीबरोबर तर देत नाही ना? प्रथिनं लेव्होडोपाची वाट अडवतात. जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर. त्याने मळमळत असेल तर कोरडा टोस्ट चालतो.

एक गोष्ट विसरू नका. उलटीसाठी गावातल्या दवाखान्यात गेलात तर आधी “पार्किन्सन आहे” म्हणून सांगा. मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन या आजारात चालत नाही, त्याने अंग आखडतं. भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉल दिलं तर तसंच. घाईत दोन्ही दिली जातात, मी चिठ्ठ्या पाहिल्यात.

आप्पांच्या उशाखालून डबा रात्री चोरू नका. सहा वर्षांनी पहिल्यांदा ते एकटे मळ्यात गेले, तो डबा त्यांना सोन्याचा वाटणारच. त्यांना सांगा, यातलं औषध खरं आहे, आपण डॉक्टरांना तेवढंच मोजून मागू. दिरांना सुरतेला फोन करून हेच सांगा, भांडू नका, लेकाने बापासाठी मायेने आणलंय. आणि पोरं पुन्हा दिसली तर “कोणी नाही तिथे” म्हणून वाद घालू नका. दिवा लावा, आप्पांना उठवून सावकाश बसवा, पाणी द्या. भाकरीचं विचारलं तर म्हणा, जेवून गेली.