सासूबाई म्हणतात, पाटल्या तूच चोरल्यास

कोथरूडच्या एका ताईंचं पत्र आहे. सासूबाई ७६ वर्षांच्या, अल्झायमरचं निदान झालंय. सुनेनं पाटल्या चोरल्या असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, दिवेलागणीला पिशवी भरून 'मला घरी जायचंय' म्हणत दाराशी उभ्या राहतात. मिस्टर म्हणतात वय झालं की होतंच, नाशिकची नणंद म्हणते फोनवर तर आई छान बोलते. ताई विचारतात, माझंच काही चुकतंय का?

ताई, तुमचं काहीही चुकत नाहीये. हा आळ बहुतेक वेळा सगळ्यात जास्त करणाऱ्यावरच येतो, कारण दिवसभर समोर तेच माणूस असतं. त्या स्वतःच वस्तू जपून ठेवतात, ठेवल्याचं पार पुसलं जातं, मग कुणीतरी नेली असणार असंच त्यांना वाटतं आणि ते त्यांच्यापुरतं अगदी खरं असतं, म्हणून 'मी कशाला घेऊ' या वादात पडूच नका. 'अगंबाई, चला शोधू या' म्हणा आणि खरंच सोबत शोधा, तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, देवघराचा खण, लपवायच्या जागा हळूहळू कळतात. खऱ्या पाटल्या लॉकरमध्ये ठेवा, हातात तशाच दिसणाऱ्या एक ग्रॅमच्या घाला.

संध्याकाळी गोंधळ वाढतो हे या आजारात खूप जणांना होतं. अंधारायच्या आधीच दिवे लावा. त्यांच्या मनातलं 'घर' म्हणजे पेठेतला जुना वाडा, तो कधीच पडला हे सांगू नका हो, दर वेळी त्यांना ते नव्यानं लागतं. त्यापेक्षा वाड्यात कोण कोण राहायचं ते विचारा, चहा द्या, सोसायटीत एक चक्कर मारून आणा. दाराला वर एक कडी, गळ्यात फोन नंबरचं लॉकेट, वॉचमनला कल्पना, आणि रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद, एवढं याच आठवड्यात करा. आणि एक-दोन दिवसांत एकदम बिघडल्या, भलतंच दिसायला लागलं, तर आजार वाढला म्हणून बसू नका, लगेच डॉक्टरकडे न्या, पुष्कळदा लघवीचं इन्फेक्शन निघतं.

मिस्टरांना बँकेचं काम द्या. आपल्याकडे माणसाची समज गेली की त्यानं दिलेली साधी पॉवर ऑफ अॅटर्नी, म्हणजे त्याच्या वतीनं व्यवहार करायचं अधिकारपत्र, चालत नाही, मग कोर्टाच्या फेऱ्या, त्यामुळे सासूबाईंना अजून कळतंय तोवर वकिलाला भेटून मृत्युपत्र, जॉइंट खातं, नॉमिनी हे उरकून घ्या.

नणंदेला फोनवर पटवत बसू नका, दहा मिनिटं छान बोलणं सासूबाईंना जमून जातं. तिला आठ दिवस राहायला बोलवा आणि तुम्ही माहेरी जा. खरंच जा, स्वयंपाक करून ठेवून वगैरे नको. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, आणि रात्री तुम्हालाच रडू आवरेना झालं तर १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, २४ तास चालू असतं, पैसे लागत नाहीत.