पाश्चात्त्य पॉप ऐकू लागताना

पाश्चात्त्य पॉप नव्याने ऐकताना एखाद्या यादीतली शंभर गाणी एका दमात संपवण्यापेक्षा एकच गाणे चांगल्या हेडफोनवर चार वेळा ऐका, असे मी सुचवेन. सुरुवात बिली आयलिश या अमेरिकी गायिकेच्या 2019 सालच्या 'बॅड गाय'पासून करावी. तिचा भाऊ फिनियस याच्या लॉस एंजेलिसमधील घरातल्या झोपायच्या खोलीत तयार झालेल्या या गाण्यात ती जवळजवळ कुजबुजते, खाली बेस (खर्जातला खोल सूर) आणि ठेका एवढाच आधार राहतो, आणि शेवटी लय अचानक मंदावून गाण्याचा सारा नूरच पालटतो. मोबाइलच्या स्पीकरवर यातला बेस निम्मा हरवतो. शब्द कळत नाहीत म्हणून बिचकू नका. ते दुसऱ्या खेपेला वाचावेत. त्यानंतर गायकाच्या नावाखाली दडलेली गीतकार आणि निर्मात्यांची (म्हणजे गाण्याचा ध्वनी घडवणाऱ्यांची) नावे पाहण्याची सवय लावा, कारण 1998 साली ब्रिटनी स्पिअर्सला एका रात्रीत प्रकाशात आणणाऱ्या पहिल्या गाण्यात आणि 'द वीकेंड' या गायकाच्या 2019 सालच्या 'ब्लाइंडिंग लाइट्स'मध्ये मॅक्स मार्टिन या स्वीडिश निर्मात्याचा हात आहे, हे एकदा ध्यानात आले की पुढची गाणी शोधणे सोपे जाते. लोकप्रियतेच्या क्रमवारीकडे मात्र (निदान पहिले काही महिने) काणाडोळा केलेला बरा.