‘शमाश’ म्हणजे सूर्य? मुळीच नाही

विचारणा अशी: ज्यूंच्या हनुक्का सणात लावतात त्या दीपवृक्षाला ‘मेनोरा’ म्हणावं की ‘हनुकिया’? आणि त्यातला नववा दिवा ‘शमाश’, म्हणजे सूर्य. हिवाळ्यात परतणाऱ्या सूर्याची खूण म्हणून तो लावतात, हे खरं का?

पहिलं चटकन उरकतो. जेरुसलेमच्या मंदिरातला मेनोरा सात दिव्यांचा होता. हनुक्काच्या आठ रात्रींचे आठ आणि वर एक, असे नऊ. आजच्या हिब्रूत त्याला हनुकिया म्हणतात. मेनोरा म्हटलंत तरी कुणी अडवत नाही.

दुसरं मात्र ऐकून ऐकून कान किटले. डिसेंबर उजाडला की कुणीतरी ‘ज्यूंची दिवाळी’ म्हणतं आणि पाठोपाठ हा सूर्य उगवतोच. घोळ कुठे झाला ते दिसतंच आहे. बॅबिलोनचा सूर्यदेव शमश, अरबीत सूर्य म्हणजे शम्स (आपला शमसुद्दीन त्यातलाच), हिब्रूत शेमेश. शेमेश आणि शमाश लिहायची अक्षरंही तीच: शीन, मेम, शीन. पण शमाश म्हणजे सेवेकरी, आणि हा दिवा नावाप्रमाणेच वागतो. हनुक्काच्या दिव्यांच्या उजेडात साधी नाणीसुद्धा मोजू नयेत, असं तालमुदात, ज्यूंच्या जुन्या धर्मशास्त्र-ग्रंथात, आहे. ते दिवे नुसते पाहायचे, कामाला जुंपायचे नाहीत. मग बाकीचे पेटवायला आणि पडलंच काही काम तर त्याला उजेड द्यायला एक जादा दिवा हवा. तो शमाश. आठांत मोजला जाऊ नये म्हणून त्याची जागा जरा उंच किंवा बाजूला.

एवढ्यानं पटत नसेल तर आपल्या बेने इस्राएलांकडे, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंकडे, पाहा. त्यांच्या सिनेगॉगचे, म्हणजे प्रार्थनामंदिराचे, कारभारी कोण? मुकादम, चौगुला, गब्बाई, हज्जान आणि शमाश. हा शमाश देवळाची व्यवस्था पाहणारा माणूस. त्याला सूर्य समजून कुणी अर्घ्य दिल्याचं ऐकिवात नाही. (गंमत म्हणजे कोकणात हे लोक ‘शनिवार तेली’, घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी काम न करणारे, पण खिरीचा सण, दाराफळणीचा सण, होळीचा सण या त्यांच्या जुन्या मराठी सणनावांत हनुक्काच नाही, ज्याची कथाच मंदिरातलं एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरल्याच्या चमत्काराची. तो त्यांच्यात नंतर आला, असं बरेच अभ्यासक मानतात.)

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सिरियाक भाषेत (अरामीचंच एक रूप) हाच शब्द ‘शम्माशा’ होतो आणि त्याचा अर्थ ख्रिस्ती डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा चर्चसेवक. अरबी ख्रिस्ती त्याला शम्मास म्हणतात, केरळचे सिरियन ख्रिस्ती शेम्माशन. ‘डीकन’चं मूळ ग्रीक ‘डायकोनोस’, तोही सेवकच. म्हणजे हनुक्काचा नववा दिवा आणि केरळच्या चर्चमधला डीकन नावानं सख्खे भाऊ!

नाताळच्या दिवसाच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचतात. त्यात बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाबद्दल बजावलंय, की तो स्वतः प्रकाश नव्हता, प्रकाशाची साक्ष द्यायला आला होता. माझ्या मते हे शमाशचंच वर्णन. दुसरा दिवा पेटवायचा आणि मोजणीत यायचं नाही. हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हनुक्काचा दिवा होता असा दावा मी करत नाही, पण याच शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू हिवाळ्यात, याच सणाला, जेरुसलेमच्या मंदिरात फिरताना दिसतो. बायबलाचं पहिलं पुस्तक ‘उत्पत्ती’ही उघडून बघा. प्रकाश पहिल्या दिवशी, सूर्य थेट चौथ्या दिवशी, आणि तिथे त्याचं नावही घेतलेलं नाही. नुसती ‘मोठी ज्योती’. शेजारचे ज्याला देव म्हणून पुजत होते त्याला इथे कामाला लावलाय. पण एवढ्यावरून सूर्य आणि सेवेकरी या दोन्ही शब्दांचं मूळ एकच ठरत नाही.

काही कोशकार ‘सेवा करणे’ या अर्थाचं मूळ प्राचीन मिसरी ‘मागून चालणे’ या धातूत शोधतात. ते उगाच नाही. अक्कादी (बॅबिलोनची भाषा) आणि अरबी ही भावंडं वर आली ती सूर्याच्या शब्दाची, सेवेच्या शब्दाची नव्हेत.

आणि हो, उर्दू गझलेतली ‘शमा’ यात ओढू नका. अरबी ‘शम्अ’ म्हणजे मूळचं मेण. त्याच्या शेवटी ‘ऐन’ आहे, ‘शीन’ नाही.