चौकोनातली गाय

अगं मुली,

तुझं पत्र पोचलं. बी.एड. कॉलेजात ‘नाट्य व कला’ हा विषय तुझ्या गळ्यात पडला, असं लिहिलंयस. ‘गळ्यात पडला’ एवढं खोडून टाक.

२०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं, तेव्हा अभ्यासक्रमाच्या आराखड्यात या विषयाला जागा मिळाली. २०२०च्या शैक्षणिक धोरणानं इतर विषयही कलेच्या अंगानं शिकवा म्हटलं. कागदावर सगळं आहे. वर्गात मात्र मी वर्षानुवर्षं पाहिलं ते दुकानातून आणलेला तक्ता, थर्माकोलचा ताजमहाल, सही, गुण. सह्या मीच करायचे. एकीच्या फाईलमधली वारली चित्रं मी ओळखली, कारण आदल्या वर्षीची माझीच सही पुसट दिसत होती!

पहिला महिना ब्रश हातात देऊ नकोस. पोरांना सोलापूरच्या पूर्व भागात एखाद्या चादर कारखान्यात ने. मागावर नक्षी विणणारं यंत्र असतं, जेकार्ड; त्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या फिरतात, त्यांना भोकं असतात. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. नक्षी त्याआधी चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरून काढलेली असते. ते नीट बघू दे.

वर्गात आल्यावर गणिताची चौकटीची वही काढायला लाव. फक्त चौकोन भरून झाडाचं पान काढा, म्हण. गोलाई कशी आणायची यावर भांडतील. भांडू दे.

कुणीतरी म्हणेलच, ‘मॅडम, मला चित्रकला येत नाही.’ तिथं थांब. हे तुला कुणी सांगितलं, विचार. आमच्या वर्गातल्या एका दांडग्या पोरानं सांगितलं होतं, चौथीत त्यानं जांभळी गाय रंगवली आणि गुरुजींनी वहीच भिरकावली. सरावपाठात फळ्यावर गाय काढायची आली, तर त्याचा हात थरथरत होता. उद्या हाच चाळीस पोरांच्या वह्या तपासणार होता. चौकोनांत त्यानं पुन्हा गाय काढली. रंग विचारू नकोस.

प्राचार्य विचारतील, गुण कशाला द्यायचे? चित्राला देऊ नकोस. काय बघितलं ते कसं सांगतो आणि पुढच्या पाठाच्या टाचणात त्यातलं काय उतरतं, त्याला दे.

कारखानदाराला आधी फोन कर, जेवणाच्या सुट्टीत माग बंद असतात. आत खडखडाट इतका, की तुला काही समजावता येणार नाही. बरंच आहे ते. आणि मार्चच्या आत जा, नंतर त्या पत्र्याखाली उभं राहवत नाही.

तुझी,
बाई