टाकीतला गंज: आधी काढा, कोटिंगचं नंतर बघू

प्रश्न : माझी १९८८ची येझदी रोडकिंग बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. टाकी आतून लाल झाली आहे, कार्बोरेटरचा जेट सारखा तुंबतो. मेकॅनिक म्हणतो, ॲसिड मारून वर कोटिंग करू. करावं का? (चिपळूण)

उत्तर : आधी तेल काढा. येझदीत टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात, त्यामुळे आत तेलाचा चिकट थर बसलेला असतो. तो असेपर्यंत ॲसिड पत्र्यापर्यंत पोचतच नाही. झाकण आणि पेट्रोल कॉक काढून टाकी रिकामी करा. गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने दोन-तीनदा खळखळून धुवा. आतल्या पत्र्यावर पाणी सलग पसरलं तर तेल गेलं. थेंब धरून राहिलं तर पुन्हा धुवा. पापुद्रे जाड असतील तर मूठभर नट टाकून हलवा. नट मोजून टाका, मोजून काढा.

मग सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल. लिटरला ५० ग्रॅम, कोमट पाण्यात. कॉकचं भोक रबरी बुचाने बंद करून टाकी काठोकाठ भरा, नाहीतर पाण्याच्या वरचा भाग गंजलेलाच राहतो. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. बारा तासांनी बघा. चोवीस तासांच्या पुढे सहसा गरज पडत नाही. रंगावर ओघळ आला तर डाग पडतो, म्हणून तोंडाभोवती व्हॅसलिन फासून प्लास्टिक गुंडाळा. संडास साफ करायचं ॲसिड मात्र वापरू नका. ते गंजाबरोबर जोडावरचा पातळ पत्राही खातं, आणि ओतून काढल्यावर काही मिनिटांत टाकी पुन्हा लाल होते.

काम बिघडतं ते इथून पुढे. द्रावण ओतलं की लगेच खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा (लिटरला एक-दोन चमचे), मग साध्या पाण्याने, आणि न थांबता अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आत फिरवून ओता. ते पाणी ओढून घेतं. नंतर कंप्रेसरची हवा द्या. कोकणातल्या दमट हवेत कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ते आधी सोडा. अल्कोहोलची वाफ असताना हेअर ड्रायर लावू नका. वाळली की त्याच तासात तेल मिसळलेलं पेट्रोल भरा. भोकं नसतील तर तुमच्या गाडीला एवढं पुरतं. कोटिंगचा खर्च वाचवा.

प्रश्न : बुलेटच्या टाकीच्या खालच्या जोडातून पेट्रोल पाझरतं. बाहेरून एम-सील लावलं तर चालेल? (सातारा)

उत्तर : गॅरेजपर्यंत पोचायला चालेल. पेट्रोल आतून झिरपत राहतं आणि बाहेरचा थर हळूहळू सुटतो. टाचणीच्या डोक्यापेक्षा मोठं भोक असेल तर आधी ब्रेझिंग (पितळ वितळवून भोक भरणं) करून घ्या, तेही टाकीच्या कामाची सवय असलेल्या कारागिराकडून. रिकामी दिसणारी टाकीही वाफेने भरलेली असते आणि ठिणगीने फुटते.

बारीक भोकं असतील तर वरच्या पद्धतीने गंज काढून दोन भागांचं इपॉक्सी कोटिंग करा. डब्यावर इथेनॉलला टिकतं असं स्पष्ट लिहिलेलं हवं; ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये साधं पॉलिएस्टर रेझिन मऊ पडून सोलपटतं आणि ती सोलपटं थेट कॉकच्या जाळीत जातात. हार्डनर, म्हणजे इपॉक्सी कडक करणारा दुसरा भाग, वजनाने मोजा, अंदाजाने नको. कॉकच्या आट्यांत ग्रीस लावलेला बोल्ट बसवा. टाकी सगळ्या बाजूंनी हळूहळू फिरवा आणि उरलेलं ओतून टाका. तळाशी साठलेला जाड थर आत कच्चा राहतो, पुढे तोच आधी सुटतो. तीन-चार दिवस सुकू द्या. पावसाळ्यात हे काम काढू नका.

प्रश्न : गाडी दोन महिने बंद ठेवायची, तर टाकी भरलेली ठेवावी की रिकामी? (फोंडा)

उत्तर : काठोकाठ भरलेली. अर्धी टाकी सगळ्यात वाईट. वरच्या मोकळ्या हवेतली वाफ पत्र्यावर पाणी होऊन धरते आणि इथेनॉल ते पाणी शोषून तळाशी नेतं. सहा महिन्यांच्या वर बंद राहणार असेल तर मात्र पूर्ण रिकामी करून आत थोडं इंजिन ऑइल फिरवा.