मेझर थिअरी न शिकता फंक्शनल ॲनालिसिस घेता येईल का?

तुम्हाला एम.एस्सी. गणिताच्या तिसऱ्या सत्रात फंक्शनल ॲनालिसिस (मुख्यतः अनंत मितींच्या अवकाशांचा अभ्यास) घ्यायचे आहे, त्यासाठी लिनिअर अल्जिब्रा, मेझर थिअरी (लांबी, क्षेत्रफळ यांसारख्या मापांचा सिद्धांत) आणि टोपॉलॉजी झालेली असावी असे विभागाने सांगितले आहे आणि यांतले शेवटचे दोन विषय तुमचे राहिले आहेत. माझ्या मते हा विषय तुम्हाला घेता येईल, मात्र या यादीत ज्याचे नावही नाही तो मेट्रिक स्पेसेसचा, म्हणजे अंतर मोजता येणाऱ्या अवकाशांचा, भाग पक्का असला पाहिजे.

याचे कारण असे की मर्यादित मितींत अंगवळणी पडलेल्या गोष्टी अनंत मितींत लगेच कोसळतात. ज्या क्रमिकांच्या पदांच्या वर्गांची बेरीज अभिसारी असते त्यांचा अवकाश घ्या आणि त्यात एका स्थानी १ व इतरत्र ० असलेल्या क्रमिका पाहा. त्या सर्व एकक गोलात आहेत, तरी कोणत्याही दोहोंमधले अंतर √२ आहे. त्यामुळे त्यांतून अभिसारी उपक्रमिका निवडताच येत नाही आणि बंद, सीमित असूनही एकक गोल कॉम्पॅक्ट ठरत नाही. हे समजायला मेझर थिअरी लागत नाही. बनाख-स्टाइनहाउस, ओपन मॅपिंग आणि क्लोज्ड ग्राफ ही तिन्ही प्रमेये सहसा बेअरच्या प्रमेयावरून सिद्ध करतात, आणि तेही मेट्रिक स्पेसमधलेच आहे.

मेझर थिअरीची गरज प्रामुख्याने उदाहरणांसाठी पडते. [०, १] वर असे संतत फलन घ्या, जे १/२ पर्यंत शून्य आहे, पुढच्या १/n अंतरात सरळ रेषेत १ पर्यंत चढते आणि नंतर १ राहते. इंटिग्रलने मोजलेल्या अंतरात या फलनांची क्रमिका कॉशी आहे, म्हणजे तिची पदे एकमेकांच्या हवी तितकी जवळ येत जातात, पण तिला संतत सीमा नाही. रीमान इंटिग्रल असलेली सगळी फलने घेतली तरी अवकाश पूर्ण होत नाही, म्हणजे प्रत्येक कॉशी क्रमिकेला त्यातच सीमा मिळत नाही. त्यासाठी लेबेगचा इंटिग्रल लागतो, आणि १९०७ मध्ये रीस व फिशर यांनी दाखवलेली पूर्णता तुम्ही सध्या गृहीत धरून मेझर थिअरी त्याच सत्रात सोबत शिकू शकता. टोपॉलॉजीची खरी गरज वीक टोपॉलॉजी आणि बनाख-अलाओग्लू प्रमेयापाशी, म्हणजे बहुधा सत्राच्या उत्तरार्धात लागते. टिखोनॉव्हच्या प्रमेयापर्यंतचा भाग तोवर वाचून होतो.

लिनिअर अल्जिब्राबद्दल मात्र मी जरा कडक आहे. मॅट्रिक्सची आकडेमोड येणे पुरेसे नाही. ड्युअल स्पेस आणि कोशंट स्पेस यांवरच्या सिद्धता बेसिसचा आधार न घेता लिहिता आल्या पाहिजेत. मर्यादित मितीच्या अवकाशावरील सर्व नॉर्म समतुल्य असतात, हे पुस्तक न उघडता सिद्ध करून पाहा. तिथे अडलात तर आधी उजळणी करा. पुढच्या सत्रात सोबोलेव्ह स्पेसेस किंवा पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्सचा प्रगत अभ्यासक्रम घेण्याचा विचार असेल, तर मेझर थिअरी याच सत्रात उरकावी लागेल.