‘सिया’ म्हणजे तो की ती?

प्रश्न : सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डेली सिटीत माझ्यासोबत राहणारा मित्र फिलिपिनो आहे, गे आहे. चर्चमधल्या तिता, म्हणजे मावश्या, लग्नाचं विचारतात. गे मंडळींतही तो कोपऱ्यातच बसतो. काय करू?

उत्तर : माझ्यासोबत रात्रपाळीला असाच एक नर्स होता. टागालोग या फिलिपिनो भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ला एकच शब्द, ‘सिया’. त्यामुळे आईशी फोनवर जोडीदाराबद्दल तो बिनधास्त बोलायचा. इंग्रजीत मात्र अडखळायचा. (आपल्या मराठीत तर क्रियापदच चुगली करतं!) त्याला माणसं भेटली ती नाताळाआधीच्या ९ दिवसांच्या सिम्बांग गाबीत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनांत, पान्सित (नूडल्स) वाढताना. एका तितानेच ‘जोडीदारालाही आण’ म्हटलं. सॅन फ्रान्सिस्कोत २०१६ पासून सोमा पिलिपिनास हा फिलिपिनो सांस्कृतिक विभाग आहे. तिथे त्याच्यासोबत जा. थालीपीठं न्या; आमची पान्सितआधी संपली होती.